पाठीचा बाक आणि घराण्याचा शजरा

(बीड शहरात तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग केलं, सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करतो. पण गेली काही वर्षं आमच्या नात्यातल्या एका घरासोबत दवाखान्यांच्या ओपीडीत बसलो, रिपोर्ट वाचले, डॉक्टरांना भंडावून सोडलं. त्यातून जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो. उपचार काय करायचे ते डॉक्टरांनाच विचारा. डॉक्टरांकडे कधी जायचं आणि जाताना सोबत काय माहिती न्यायची, एवढंच मी बोलणार आहे.

आपल्याकडे एखाद्या मुलीच्या पाठीला बाक आहे असं लक्षात आलं की घर दोन गोष्टी करतं. ओढणी नीट घ्यायला सांगतं आणि कुणाजवळ बोलायचं नाही असं ठरवतं. कारण उघड आहे, उद्या रिश्ता यायचा असतो. मुलगा असेल तर "ताठ उभा राहा रे" म्हणून ओरडा पडतो. दोन्हीकडे वेळ जातो, आणि या आजारात वेळ फार महागाचा असतो.

पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ दिसायला हवा. तो डावीकडे किंवा उजवीकडे वळला आणि वळताना पिळलाही गेला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रे काढून बाकाचा कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. कोन १० अंश किंवा जास्त असला तरच स्कोलिओसिस धरतात. दहा ते अठरा या वयातल्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांमध्ये तो सापडतो. त्यातले बहुतेक बाक लहान असतात आणि आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. लहान बाक मुला-मुलींत जवळपास सारखेच आढळतात, पण वाढत जाणारे मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त असतात. वाढ सर्वांत जोरात होते ती वयात येण्याच्या सुमारास. म्हणजे ज्या वयात मुलगी अंग झाकायला लागते, आईसमोरही कपडे बदलत नाही, नेमक्या त्याच वयात बाक वाढतो आणि कुणाला दिसत नाही.

दप्तराच्या ओझ्याने, वाकडं बसल्याने किंवा मोबाईल बघितल्याने स्कोलिओसिस होत नाही. पाठ दुखू शकते, खांदे पुढे येऊ शकतात, पण कणा पिळला जात नाही. म्हणून मुलीला "तूच नीट बसत नव्हतीस" असं म्हणू नका. दहातल्या सुमारे आठ जणांमध्ये डॉक्टरांनाही एकच असं कारण सापडत नाही. मात्र हा प्रकारही घराण्यात फिरताना दिसतो. एका भावंडाला असला तर दुसऱ्याची पाठ बघायला हवी, एवढं नक्की.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या देशात पाठीला पोक येण्याचं एक मोठं कारण मणक्याचा टीबी आहे. सतत दुखणारी पाठ, बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, पायातली ताकद कमी होणं, असं काही असेल तर घराण्याचा विचार नंतर करा, आधी टीबीची तपासणी करून घ्या. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपलं शरीर कशाने बांधलेलं आहे? हाडं, स्नायू, कातडी, रक्तवाहिन्या, डोळ्यातलं भिंग हे सगळं जागेवर धरून ठेवणारा एक मसाला असतो. त्याला कनेक्टिव्ह टिश्यू म्हणतात, पाठ्यपुस्तकात संयोजी ऊती. कोलॅजन आणि फायब्रिलिन ही त्यातली महत्त्वाची प्रथिनं. माझ्या कामातलं उदाहरण देतो. एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच लायब्ररी पन्नास ठिकाणी वापरलेली असते. तिच्यात चूक असेल तर एका ठिकाणी स्क्रीन वाकडी दिसते, दुसऱ्या ठिकाणी हिशेब चुकतो, तिसऱ्या ठिकाणी सगळं बंद पडतं. वरवर बघणाऱ्याला या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात. कनेक्टिव्ह टिश्यूच्या जनुकात दोष असेल तर तसंच होतं. पाठ वाकते म्हणून हाडांचा डॉक्टर, चष्म्याचा नंबर फार वाढतो म्हणून डोळ्यांचा डॉक्टर, आणि छातीत दुखतं तेव्हा "गॅस झाला असेल". तिघांची गाठ कधी पडतच नाही.

यातला सर्वांत माहितीचा आजार म्हणजे मार्फान सिंड्रोम. १८९६ साली अँटोनी मार्फान या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने लांबसडक बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. १९९१ मध्ये यामागचं जनुक सापडलं, फायब्रिलिन-१. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. अशी माणसं बहुधा उंच आणि सडपातळ असतात, हातपाय लांब असतात, छातीचं हाड आत दबलेलं किंवा पुढे आलेलं असतं, चष्म्याचा नंबर मोठा असतो, काहींच्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं. निम्म्याहून जास्त जणांच्या कण्याला बाक असतो. पण जीव जातो तो वेगळ्याच गोष्टीने. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, हळूहळू फुगत जाते आणि एक दिवस तिची भिंत आतून फाटते. पाठीचा बाक डोळ्यांना दिसतो, महाधमनी दिसत नाही.

आता त्या घराविषयी बोलतो. नाव-गाव सांगत नाही, त्यांनी परवानगी दिली तेवढंच. तेरा वर्षांची मुलगी, वर्गात सर्वांत उंच, जाड भिंगांचा चष्मा. एक खांदा वर दिसायला लागला म्हणून एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे बघितला, तिला स्वतःचं मनगट धरायला लावलं, आणि अम्मीला एकच प्रश्न विचारला, "घरात कमी वयात कुणी अचानक गेलंय का?" अम्मी म्हणाली, "माझा भाऊ. छत्तिसाव्या वर्षी. पोतं उचललं आणि खाली बसला. अटॅक म्हणाले." डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मुलीचा इको करायला सांगितला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुई नाही, दुखत नाही. महाधमनी थोडी फुगलेली निघाली. मग अम्मीचा इको केला, तर तिची मुलीपेक्षा जास्त. आज दोघींना गोळ्या सुरू आहेत, दरवर्षी मोजमाप होतं. मुलीचा बाक ऑपरेशनपर्यंत गेलेला नाही. मामू मात्र परत येणार नाही. त्याचीही पाठ वाकलेली होती, हे दादी-नानींना माहीत होतं. ते कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

हा फक्त आपल्या भागातला प्रश्न नाही. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. साडेसहा फुटांच्या जवळ उंची. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसल्या जागी ती कोसळली आणि ३१ व्या वर्षी गेली. महाधमनी फाटली होती. इतकी नावाजलेली खेळाडू, पण तिला मार्फान आहे हे तिच्या मृत्यूनंतर कळलं. मग तिच्या भावाला तपासलं, त्यालाही तोच आजार निघाला, आणि वेळेवर ऑपरेशन झालं. म्हणजे बहिणीचं निदान भावाच्या कामाला आलं. घरात एकाचं निदान झालं की ते सगळ्या घराचं असतं, हे यातून शिकायचं.

मार्फान कसा उतरतो? आई किंवा बाप, दोघांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा फरक नाही. आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत तो आई-बापांत नसतानाही नव्याने सुरू होतो. म्हणून "नात्यात लग्न केलं म्हणून झालं" हे मार्फानला लागू पडत नाही. बाहेर लग्न केल्यानेही तो टळत नाही.

पण काही आजार वेगळ्या रीतीने उतरतात, आणि तिथे आपल्याला प्रामाणिकपणे बोलायला हवं. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या आजारांचा एक गट आहे. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार धरले आहेत. सांधे फार लवचिक असणं, कातडी ताणली जाणं, जखमेचे व्रण पसरट राहणं ही त्याची ढोबळ लक्षणं. त्यातल्या एका दुर्मीळ प्रकारात बाळ जन्मतःच लुळं वाटतं आणि पाठीचा बाक अगदी लहानपणी सुरू होतो. हा प्रकार व्हायला आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. दोघंही स्वतः धडधाकट असतात, त्यांना काही माहीत नसतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. चुलत, मामे, मावस भावंडांनी लग्न केलं, तर एकाच आजोबांकडून आलेलं तेच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात यावर मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापून आला. पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात बाळाला जन्मजात दोष असण्याचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्के होतं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. धोका दुप्पट होतो, हे खरं. आणि शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठीक असतात, हेही खरं. जे लोक या विषयावरून आपल्या समाजाला टोमणे मारतात त्यांना हेही सांगा की मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींचीही जुनी रीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सुमारे ११ टक्के लग्नं नात्यातली निघाली. तमिळनाडू आणि कर्नाटकात तर हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या पुढे आहे. म्हणून टोमण्याला उत्तर द्या, पण त्या भरात आकडा झाकू नका. नात्यात लग्न करणं धर्माने बंधनकारक केलेलं नाही. ज्या घरात अशा आजाराचं मूल आधीच आहे, तिथे नात्यातला पुढचा रिश्ता ठरवण्याआधी जनुकांच्या डॉक्टरांचा सल्ला घेणं ही आपली जबाबदारी आहे.

मग करायचं काय? तीन कामं सांगतो.

पहिलं काम शजऱ्याचं. आपल्या कित्येक घरांत शजरा जपलेला असतो. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या गावाहून आले, सात पिढ्या तोंडपाठ. त्याच कागदावर आणखी एक रकाना वाढवा. कोण किती वर्षं जगलं? कशाने गेलं? पन्नाशीच्या आत अचानक कोण गेलं? कुणाची पाठ वाकलेली होती? कुणाला फार जाड चष्मा होता, कुणाचं भिंग सरकलं? कुणाची हाडं वारंवार मोडायची? कुठलं मूल लहानपणी गेलं? आणि बायकांची नावं त्यात घाला. शजऱ्यात बहुतेक वेळा पुरुषांचीच नावं असतात, पण आजार आईकडूनही येतो. मी जे घर सांगितलं तिथे तो नानीच्या बाजूने आला होता. तीन पिढ्या पुरे. हा कागद डॉक्टरांसमोर ठेवला तर महागड्या तपासण्यांच्या आधी अर्धं काम होतं.

दुसरं काम पाठ बघण्याचं. दहा ते सोळा वयाच्या मुलीची पाठ आईने किंवा मोठ्या बहिणीने, मुलाची बापाने, सहा महिन्यांतून एकदा बघावी. दार लावून, पाठ उघडी ठेवून. मुलीने पाय जुळवून रुकूसारखं वाकायचं, फक्त हात गुडघ्यांवर न ठेवता तळवे जोडून खाली सोडायचे. मागून बघा, एका बाजूच्या फासळ्या उंच दिसतात का? मग सरळ उभं करून बघा. एक खांदा वर आहे का, एक खवाटा बाहेर आलाय का, कमरेची एक बाजू जास्त आत आहे का? एक मिनिटाचं काम आहे. जगभर हीच तपासणी वापरतात, १८६५ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज सर्जनने ती सांगितली.

बाक दिसला तर आणखी चार गोष्टी बघा. एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसरं मनगट धरल्यावर अंगठा करंगळीच्या अख्ख्या नखावर चढतो का? अंगठा आत घेऊन मूठ मिटल्यावर त्याचं टोक दुसऱ्या बाजूने बाहेर येतं का? हात पसरून मोजल्यावर ते माप उंचीपेक्षा बरंच जास्त भरतं का? उंची १६० सेंटिमीटर आणि पसरलेले हात १६८ च्या पुढे, असं काही. अंगठा मागे वाकून हाताला टेकतो का, कोपर-गुडघे उलटे वळतात का? यातलं एखादं लक्षण कित्येक निरोगी माणसांत असतं, घाबरायचं कारण नाही. पण बाकासोबत अशी दोन-तीन लक्षणं असतील, किंवा शजऱ्यात अचानक गेलेलं कुणी असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "कनेक्टिव्ह टिश्यूचा आजार असू शकतो का? इको करायचा का? डोळे तपासायचे का?" हे तीन प्रश्न लिहून न्या.

तिसरं काम दवाखान्याचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन मुलं तपासतात. पण त्यांच्या तीस आजारांच्या यादीत वाकडं पाऊल आहे, खुब्याचा जन्मजात दोष आहे, हृदयाचा दोष आहे, कण्याचा बाक वेगळा लिहिलेला नाही. शिवाय दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातली किती घरं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे तुम्हाला सांगायला नको. पथक शाळेत येतं तेव्हा मूल फडावर असतं. मदरशांतली आणि शाळा सुटलेली मुलं तर यादीतच येत नाहीत. म्हणून आपण ज्या वस्तीत काम करतो तिथल्या आशाताईंशी बोला, पथकाला पाठही बघायची विनंती करा. हे मागणं आपला हक्क आहे.

तपासणीसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यापुढे छत्रपती संभाजीनगरची घाटी. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या धोरणात जी उत्कृष्टता केंद्रं नेमली त्यात मुंबईचं केईएम आहे. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात. ते घेण्यात कमीपणा नाही.

उपचार आहेत, हे लोकांना सांगा. वाढत्या वयात बाक साधारण २५ ते ४० अंशांत असेल तर ब्रेस देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त. मार्फानमध्ये ब्रेसचा उपयोग कमी होतो, म्हणूनही निदान आधी हवं. ऑपरेशन करायचं झालं तर भूल देण्याआधी हृदयाची माहिती सर्जनला असायलाच हवी.

मार्फान असलेल्यांनी जड ओझं उचलणं टाळायचं असतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या माणसाला हे कधी कुणी सांगितलं असेल? आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या आपण मेडिकलमधून सहज मागून घेतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला की मार्फान आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांना या गटातल्या औषधांनी महाधमनीचा धोका वाढू शकतो. निदान माहीत असेल तरच माणूस डॉक्टरांना सांगेल ना, की मला हे चालत नाही?

शेवटी रिश्त्याबद्दल. मला माहीत आहे, इथे बसलेल्या बहिणींच्या मनात हाच प्रश्न आहे. बाक सांगितला तर लग्न कसं जमेल? साध्या स्कोलिओसिसच्या बहुतेक मुली शिकतात, नोकरी करतात, त्यांना मुलं होतात. ज्या मुलीला मार्फान आहे तिच्यासाठी मात्र गर्भारपण हाच सर्वांत मोठ्या धोक्याचा काळ असतो, कारण महाधमनीवर ताण वाढतो. लग्नाआधी लपवलं तर ती पुढे डॉक्टरांनाही सांगू शकत नाही, सासरी सांगायची चोरी. आपण तिची इज्जत वाचवतो असं समजतो आणि तिला दिवस जातात तेव्हा तिला एकटं सोडतो. हे ओझं मुलींवर टाकून चालणार नाही. मुलग्यांनी, भावांनी आधी बोलायला हवं. तुमच्यापैकी ज्याचं लग्न ठरतंय त्याने स्वतःच्या घराचा कागद आधी समोरच्यांना दाखवावा, मग त्यांचा मागावा.

ईदला तुम्ही सगळे गावी जाल. नानी, दादी, मोठ्या खाला, फूफी सगळ्या एका जागी भेटतील. जेवणं झाली की वही काढा आणि त्यांना विचारायला लागा. त्यांना आठवतं ते त्यांच्यासोबत जाण्याआधी लिहून घ्या.

प्रश्न असतील तर विचारा.